इराइदाच्या कॉम्प्युटरमधली भाऊबंदकी

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि निवृत्त झाल्यापासून त्याचीच फळं भोगते आहे. कुणाचा प्रिंटर कागद गिळतो, कुणाचा माऊस मान टाकतो, की आलंच कुणीतरी दारात, "देक्सी मास्तरीणबाई, जरा येता का?" पण सगळी गल्ली एका पारड्यात आणि समोरची इराइदा एकटी दुसऱ्या पारड्यात. तिच्या धाकट्याची, योएलची, मी धर्ममाता. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा अवघड. भावाशी, बहिणीशी भांडून अबोला धरता येतो. कोमाद्रेशी तेही करता येत नाही.

त्या शनिवारी जेवून मी नुकतीच दोरीच्या झुल्यात आडवी झाले होते. वीज होती, पंखा फिरत होता. असा योग आमच्या माराकाइबो शहरात रोज जुळून येत नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आरोळी आली.

"कोमाद्रे! ए कोमाद्रे! मेला गं हा डबा!"

"मेला असेल तर पुरून टाक!" मी पडल्या पडल्या ओरडले.

"अगं, उद्या नातीचा बाप्तिस्मा! नेइदा चर्चमधून दाखवणार आहे! ये ना गं माझी बाई!"

नेइदा म्हणजे तिची थोरली, चिलीला असते. मधला एंदेर स्पेनला. धाकटा योएल उत्तरेला कुठेतरी. आमच्या गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरलीत, बाकी सगळे स्क्रीनवर भेटतात. मागच्या रविवारी नात हसली म्हणे, आणि ती हसायला आणि इराइदाच्या स्क्रीनवरचं चित्र थिजायला एकच गाठ पडली. उघड्या तोंडाचं ते बाळ तासभर तसंच स्क्रीनवर होतं. इराइदा रडली, मग मला शिव्या दिल्या. मला का, ते विचारू नका.

गेले. न जाऊन सांगते कुणाला?

इराइदाच्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडायची नाही. बाईला क्रोशाचं वेड. फ्रिजला झालर, गॅसच्या सिलिंडरला झगा, टीव्हीला ओढणी. आणि कॉम्प्युटरच्या डब्याला अस्तर लावलेली जाड खोळ, मागून पुढून बंद, वर आमच्या शहराची देवमाता, चिनीता माऊली, हिची तसबीर. खोळीवर हात ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखा भाजला.

"अगं, याला श्वास घ्यायला जागा ठेव ना! या उकाड्यात तुला कुणी रजईत शिवून ठेवलं तर चालशील का तू भराभर?"

"धूळ बसते गं."

"बसू दे! धूळ पुसता येते. जळला की काय पुसणार आहेस?"

तिने माऊलीची तसबीर उचलून छातीशी धरली आणि खोळ काढताना माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी चारचौघांत तिचाच झगा उतरवते आहे.

मग चालू केला. चालू केला म्हणजे काय, बटण दाबलं. रोज सकाळी ही बाई बटण दाबते, मग मक्याचं पीठ मळते, आरेपा थापते, भाजते, खाते, भांडी घासते, तेव्हा कुठे स्क्रीनवर मुलांचा फोटो उमटतो. त्यातून मध्येच वीज गेली की पहिल्यापासून श्रीगणेशा. आणि एवढं करून तो दिवसभर चालूच. कितीदा सांगितलं, लागेल तेव्हा लाव. नाही म्हणजे नाही.

कारण मला माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आमच्याकडे पोरं घरातून निघताना, परत येताना, फोन उचलताना, पहिला शब्द बोलतात तो, "आशीर्वाद, आई." आणि आई म्हणते, "देव तुझं भलं करो." मग पुढचं बोलणं. कितीही भांडण असो, हे चुकत नाही. चार वर्षांपूर्वी योएल जंगलातून पायी, सरहद्दी ओलांडत उत्तरेला जायला निघाला. इराइदा नको नको म्हणत होती. पोरगं तिच्यावरच गेलेलं, हट्टी. पाठीवर पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आशीर्वाद, आई." इराइदा भिंतीकडे तोंड करून क्रोशा विणत बसली. तो पुन्हा म्हणाला. ही गप्प. मी तिथेच होते. शेवटी पोरगं गेलं.

महिन्याने कुणा मित्राकडून निरोप आला: जंगल पार झालं, सुखरूप आहे, फोन चोरीला गेला, नंबर सगळे गेले, आईला सांगा कॉम्प्युटर चालू ठेव, जागेवर पोचलो की त्यावरच बोलतो. बस्स. तेव्हापासून हा डबा चालू आहे आणि इराइदाच्या घशात तो एक आशीर्वाद अडकून बसला आहे. दुसऱ्या कुणाकरवी धाड म्हटलं तर ऐकत नाही. कुठे धाडणार, तेही कळत नाही म्हणा.

तर स्क्रीन उघडली. आत पाहते तो काय, व्हायरस पकडणारे दोन प्रोग्राम. एक एंदेरने जाताना टाकलेला, दुसरा नेइदाच्या नवऱ्याने.

"दोन राखणदार कशाला गं? दोघं दिवसभर एकमेकांनाच चोर म्हणून धरून बसलेत!"

"एक काढला तर जावयाला राग येईल."

"जावई चिलीत आहे! त्याला काय वास येणार आहे?"

जावयाचा काढला. थोडा जीव आला. मग मी, चालू होताना आपोआप काय काय उठतं, ती यादी उघडली आणि कपाळच बडवलं. बोलायचे तीन वेगवेगळे प्रोग्राम! प्रत्येक पोराने घर सोडताना आपला आपला बसवून दिलेला आणि बजावलेलं, आई, माझ्याला हात लावू नकोस. तिघंही बटण दाबताच एकदम उठतात. तीन जावा एका चुलीवर.

"नेइदाचा राहू दे, उद्या लागेल. एंदेरला सांग, बाबा रे, बहिणीच्याच प्रोग्रामवरून बोल."

"त्यांचं पटत नाही गं. आजीच्या पलंगावरून बिनसलंय."

"अगं, पलंग इथे आहे, ते दोघं दोन टोकांना! कोण झोपणार आहे त्यावर?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणतो एंदेर."

तत्त्व! माझं डोकंच फिरलं. बरं म्हटलं, एंदेरचा आपोआप उठायचा बंद करते, हवा तेव्हा तू उठव. त्यावर घासाघीस करता करता वीज दोनदा जाऊन आली आणि डबा दोनदा पहिल्यापासून उठवावा लागला. कशीबशी कबूल झाली.

राहिला योएलचा. त्याच्यावर बोट ठेवलं मात्र, इराइदाने माझं मनगट धरलं.

"याला नाही."

"काढत नाहीये बाई, बघते नुसतं."

बघितलं. डब्याची निम्मी ताकद हा एकटा खात होता. दिवसभर कुणाला तरी बोलावतोय, उत्तर नाही, पुन्हा बोलावतोय. योएलचं नाव राखाडी, म्हणजे तो जोडलेलाच नाही. मला वाटलं, इथलं काहीतरी बिघडलं असेल. माझ्या फोनवर शोधलं.

तो प्रोग्राम चालवणारी कंपनीच बंद झाली होती. योएल गेला त्याच वर्षी. पलीकडे कुणीही नव्हतं. त्यावर ना कुणी बोलू शकत होतं, ना तो वाजू शकत होता. आणि ही बाई इतकी वर्षं त्याच्यापुढे विणत बसलेली. चर्चला जाईना, भावाच्या मयताला गेली नाही, का, तर तेवढ्यात वाजला तर? मला त्या कंपनीचा संताप आला, योएलचा आला, त्या डब्याचा आला. रडू कोसळेल म्हणून मी जास्तच मोठ्याने बोलले. मला हळू सांगता येत नाही, तो माझा स्वभावच नाही.

"हे बंद पडलंय, इराइदा. कधीचंच. तो निघाला त्याच वर्षी. आता जगात कुणालाच यावरून बोलता येत नाही."

मला वाटलं, ही आता कोसळते. मी पाण्यासाठी उठले.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे त्याने बोलावलं असेल, तरी इथे वाजलं नसतं?"

"कसं वाजणार? शक्यच नव्हतं."

"एकदाही?"

"एकदाही."

आणि बाईचा चेहरा उजळला हो! चार वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. दोन्ही हातांनी तिने माझे गाल धरले.

"म्हणजे रागावला नाहीये तो! अगं, मी समजत होते, मी आशीर्वाद दिला नाही म्हणून पोराने माझं नाव टाकलं. आणि हा बिचारा तिकडे हाका मारून मारून थकला असेल! आणि हा मेला डबा!" तिने डब्याला सणसणीत चापट मारली.

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एंदेर फेसबुकवर स्वतःच्या नावाने, फोटोसकट बसलेला आहे. नेइदाही आहे. मीही आहे, देक्सी उर्दानेता, पूर्ण नाव. शोधणाऱ्याला क्षणभरही लागत नाही. माझ्या धर्मपुत्राने मला चार वर्षांत शोधलं नाही. आणि ते आत्ता, पहिल्यांदा, मला लागलं.

"पण इराइदा, एंदेरचं..."

"काय एंदेरचं?"

ती हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती.

"काही नाही. काढू ना मग हे योएलचं?"

"काढ, काढ. आणि हल्ली लोक बोलायला जे जे वापरतात ना, ते सगळं टाक यात."

"सगळं? अगं, आत्ता कुठे हा धावायला लागलाय! उद्या बाप्तिस्मा आहे. सगळं टाकलं तर पुन्हा थिजेल चित्र!"

"थिजू दे. नात कुठे पळून चाललीय? तिला रोज मिळतो आशीर्वाद." खुर्ची ओढून ती माझ्या मागे बसली. "त्याच्याकडे कोणतं असेल काय सांगावं? एकही सोडू नकोस."

काय बोलणार? एकेक शोधून टाकत बसले. डबा पुन्हा कण्हायला लागला. प्रत्येकात तिचं नाव लिहायचं, घराचा पत्ता लिहायचा, आणि मागून हिचं चालूच: "गल्लीचं नावही घाल गं." मग फोटोची वेळ आली. मी मागच्या नाताळातला लावायला घेतला, तर तिने माझा हात झिडकारला.

"हा नको. पांढरे केस नसलेला लाव. पोराला ओळखू यायला हवी ना मी."