वैद्यनाथ न्हात नाही

आमचा वैद्यनाथ कुंभकोणात चष्म्याच्या काचा घासतो. गिऱ्हाईकाशी गोड बोलायचं आणि घरी येऊन मुकाट जेवायचं, एवढंच त्याचं आयुष्य. चाळिशीपर्यंत त्यानं कुणाला उलट उत्तर दिल्याचं मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, आठवत नाही. मग त्याला मुलगी झाली आणि गरीब गाय शिंगं काढून उभी राहिली.

पोर दिवस भरायच्या आधीच आली, मूठभर; घरात तिला सगळे पाप्पा, म्हणजे बाळ, म्हणायचे. पवित्राच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, पोटाला टाके आणि अंगात त्राण नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की दोन किलो भरेपर्यंत आंघोळ नाही, तेल नाही, धूर तर मुळीच नाही. आईच्या दुधाशिवाय तोंडात काही घालायचं नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. पोरीला लंगोट, टोपी, मोजे एवढ्यावर आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, आणि आई दमली की बापाच्या. अशा पोराला थंडीच मारते, असं त्या स्पष्ट बोलल्या. वैद्यनाथानं सदरा काढला तो काढलाच.

घर सांभाळायला मरुदानल्लूरहून सीतालक्ष्मीआत्या आल्या. त्यांचं सोवळं, आमच्याकडे त्याला मडी म्हणतात, भलतंच कडक. सोयराच्या घरात बाळंतीण, बाळ आणि त्यांना शिवलेला बाप, तिघंही त्यांना वर्ज्य. तरी हुकूम त्यांचेच. बाळाला न्हाऊ घालणारी बाई त्यांनी ठरवली, तेल कोमट केलं, सांब्राणीच्या, म्हणजे ऊदाच्या, धुरीसाठी निखारे फुलवले. न्हाणाशिवाय पोर अंग धरत नाही, हे त्यांचं मत, आणि त्यांनी दहा-बारा पोरं तशीच वाढवलेली.

बाई आली तेव्हा पोर पाळण्यात नव्हती. वैद्यनाथाच्या छातीवर, पवित्राच्या जुन्या दारासुरमच्या साडीत बांधलेली होती. तो सोडेना. बाई कंटाळून गेली. तेव्हा आत्या स्वयंपाक टाकून तरातरा बाहेर आल्या, आणि वैद्यनाथ मागे सरण्याऐवजी एक पाऊल पुढे आला.

“शिवता? शिवा आत्या. मग सैंपाक कोण करणार?”

आत्या मागे सरल्या. पुढे रोज हेच. त्या आल्या की हा पाऊल पुढे टाकायचा. ज्या सोयरानं त्याला घरात कोपऱ्यात बसवलं होतं, तेच त्यानं ढालीसारखं धरलं. मला हसू यायचं आणि त्याचा अभिमानही वाटायचा.

पवित्रा दूध काढून द्यायची. हा हात धुऊन, उकळून घेतलेल्या चोचीच्या वाटीनं, म्हणजे पालाडैनं, ओठाशी थेंब लावायचा, गिळला की पुढचा, मग खांद्यावर घेऊन ढेकर. नाळेला हळद लावायला आलेल्या शेजारणीला त्यानं दारातूनच परत पाठवलं.

अकराव्या दिवशी शास्त्री पुण्याहवाचनाला आले. बाप न्हाला की सोयर फिटणार आणि पोरीला न्हाऊ घालायला आत्यांचे हात मोकळे होणार. बंबातलं पाणी उकळत होतं, सांब्राणी तयार होती. आदल्या दिवशी पोरीचं वजन केलं होतं, दोन किलोला अजून कमीच. वैद्यनाथ खुर्चीतून हलला नाही.

“वजन भरलें नाहीं,” तो म्हणाला. “मी न्हात नाहीं.”

शास्त्र्यांनी समजावलं, नातेवाईक ओरडले, आत्यांनी अबोला धरला. शास्त्री ओटीवर पान खात बसून राहिले. दुपारी वैद्यनाथाला बसल्याबसल्या डुलकी लागली. साडी जरा सरकली आणि मोजा गळून पोरीचं पाऊल बाहेर आलं. आत्या नैवेद्याचं भांडं घेऊन जात होत्या. थांबल्या. मी धावणार, तेवढ्यात त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि ते पाऊल तळहातात धरलं. गार होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी मोजा चढवला, साडी वर ओढली आणि दोन्ही हात वरून दाबून तशाच उभ्या राहिल्या.

वैद्यनाथ दचकून जागा झाला. ओटीवरून शास्त्र्यांनी पाहिलं होतंच. आत्या, आता तुम्हालाही न्हावं लागेल, ते म्हणाले.

आत्यांनी हात काढले नाहीत.

“पाप्पाचें वजन भरूंदेत,” त्या म्हणाल्या. “मग मी नि हा मिळूनच न्हाऊं.”