अक्कांचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरात बसायची हौस माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीच्या आमच्या घराच्या गच्चीवर चढले तरी मला गरगरतं. हौस अक्कांची. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. मी आपली त्यांच्या मागून निघाले, जशी पन्नास वर्षं निघत आले तशी.

अक्कांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी आम्हाला पुष्कळ समजावलं, पण समजलं ते अक्कांनी सांगितल्यावर. म्हणाल्या, लोखंडी नळीला डोळा लावून बघावं तसं दिसतं. नळीत येईल तेवढं स्वच्छ, सुईचं भोकसुद्धा दिसेल, पण नळीबाहेर सगळा अंधार. माझं तोंड बघायचं तर आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. केळीच्या पानावर कोशिंबीर सापडली की भात हरवायचा. म्हणून त्या सारखी मान हलवत असत, चिमणी दाणे टिपते तशी, आणि टिपलेले तुकडे मनात जोडत असत. थेंब चालूच होते. तरी डॉक्टर म्हणाले, नळी बारीक होत जाणार, कधी मिटेल ते सांगता येत नाही, बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.

माझी मुलगी चेन्नईत असते. तिला कळलं तशी फोनवर अक्कांना विचारायला लागली, अत्ते, काय बघायचं सांग, काशी, बद्री, कुठे म्हणशील तिथे नेते. हे बाजूला बसून काशी काशी म्हणून खुणा करत होते. अक्का म्हणाल्या, "काशीचा देव मज न बघता ओळखतो. मज हेलिकॉप्टरांत बसायचंय गे."

आम्हाला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. आमच्याकडे देवळाचा कुंभाभिषेक असला की हल्ली हेलिकॉप्टर आणून गोपुरांवर फुलं टाकतात. मागे एकदा असा सोहळा झाला तेव्हा आम्ही दोघी गर्दीत उन्हात उभ्या होतो. सगळे कलशाकडे बघत हात जोडून होते. अक्का मात्र हेलिकॉप्टरकडे बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं म्हणे, की वर बसून फुलं टाकतो त्या माणसाला आपण सगळे कसे दिसत असू. इतकी वर्षं बोलल्या नाहीत. कोणी विचारलंच नव्हतं.

हे म्हणाले, "जवळचं धड दिसत नाही तिला. इतक्या उंचावरून काय दिसणार? उगा जीव दमेल, आणि काही दिसलं नाही तर मन मोडेल ते निराळं." खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. मी एकटीनं जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोळ्यांना अपाय काही नाही, खुशाल न्या, पण त्यांना काय दिसेल ते मी सांगू शकत नाही. मुलीनं चेन्नईत हेलिकॉप्टरची तिकिटं काढली होती, तेव्हा यांना घरी ठेवून, ही धास्ती पदरात बांधून मी अक्कांबरोबर गाडीत बसले. अक्का खिडकीशी बसून तुकड्या तुकड्यानं शेतं बघत होत्या. वाट पाहण्यात एवढा आनंद असलेलं माणूस शेजारी बसलं की आपली धास्ती बोलून दाखवता येत नाही.

अक्का मला कोण, ते सांगायला हवं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. शाळा तमिळमधली, तीही अर्धवट. दोन वर्षांनी अक्का एक पेटी घेऊन माहेरी परत आल्या. नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्याच वर्षी मला मुलगी झाली आणि मी आठ महिने अंथरुणाला खिळले. लेकरू अक्कांनी वाढवलं. मी पडल्या पडल्या कंटाळते म्हणून विठ्ठलाच्या भजनांची घरातली वही माझ्या उशाशी ठेवली. त्या म्हणायच्या, मी ओळीवर बोट ठेवून त्यांच्या आवाजाच्या मागे जायची. मी देवनागरी शिकले ती अशी. आम्ही घरात बोलतो ती मराठी तीनशे वर्षांमागची, बाहेर सगळा तमिळचा कारभार, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांना आमचं बोलणं ऐकून हसू येतं. येऊ दे. आज दोन अक्षरं लिहिते आहे ती त्या वहीमुळे.

तर चेन्नईला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. मुलीनं आम्हाला नेसवलं, दोघींना नऊवारी, अक्कांना तिरुभुवनमची रेशमी. अक्का म्हणत होत्या आकाशात रेशीम कोण बघणार, पण नेसल्यावर काठ बोटांनी चाचपून बघितला. निघताना मुलगी देवापुढून ताट घेऊन आली आणि माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, केळी, विड्याची पानं. लांबच्या प्रवासाला बाई निघाली की आमच्यात ओटी भरतातच, त्यात नवल नाही. मग ती दुसरं ताट घेऊन अक्कांपुढे उभी राहिली.

मी दचकले. अक्कांची ओटी पन्नास वर्षांत कोणी भरली नव्हती. विधवेची भरत नाहीत. मीही भरली नव्हती, नवरात्रात दारावर आलेल्या अनोळखी बायकांची भरली, आणि अक्का आत स्वयंपाकघरात असायच्या. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

अक्का म्हणाल्या, "मज कशाला गे?"

"मला वाढवलंस ते कशाला?" मुलगी म्हणाली. "धर पदर."

अक्कांनी पदर धरला. तांदळाचे चार दाणे खाली पडले, ते त्यांनी मान हलवून हलवून शोधले आणि वेचून परत पदरात टाकले. मग ओटी कमरेशी घट्ट खोचली. मीही माझी खोचली. सवयीनं. पुढे घोळ झाला तो इथे.

शहराबाहेर समुद्राच्या रस्त्याला एक मैदान होतं, तिथून हेलिकॉप्टर उडायचं. किनाऱ्यानं शहरापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, दहा-बारा मिनिटांचं काम. आधी वजन करतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चकचकीत पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी यादी घेऊन वजनकाट्यापाशी उभी होती. आम्ही तिघी आणि चौथे एक गृहस्थ, सेलमहून आलेले, चांगले भरदार. सगळ्यांची बेरीज करून ती मुलगी आत विचारून आली आणि तमिळमध्ये म्हणाली, तीन किलो जास्त होतंय, एकाला थांबावं लागेल. पुढच्या फेरीत जाता येईल का? नाही, वारा वाढतो आहे, ही शेवटची फेरी, उद्याचं उद्या बघू. उद्या सकाळी आमची परतीची गाडी होती, आणि अक्कांच्या बाबतीत उद्या हा शब्द आम्ही सोडून दिला होता.

मी म्हटलं, मी थांबते. माझी मुलगी म्हणाली, मी थांबते. सेलमचे गृहस्थ खरंच भले, म्हणाले मी थांबतो, पण ते थांबले असते तर त्यांची बायको, जी कुंपणापाशी फोन धरून फोटोला सज्ज होती, तिनं त्यांना घरात घेतलं नसतं. यादीवाल्या मुलीनं हळूच सुचवलं, पाट्टीला फार वय झालंय, त्याच थांबल्या तर? पाट्टी म्हणजे आजी. मला रडू यायचं बाकी होतं.

अक्का वजनकाट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती जास्त म्हणाली?"

"तीन किलो, अक्का."

त्यांनी कमरेवर हात ठेवला. मग माझ्या कमरेकडे बोट केलं. "आम्ही दोघी दोन नारळ घेऊन उभ्या आहों गे."

सेलमच्या गृहस्थांना माझ्या मुलीनं तमिळमध्ये सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की त्यांचंच वजन थोडं उतरलं असेल. मी माझी ओटी सोडली. अर्धं काम झालं. अजून दीड किलो होतं. मुलगी म्हणाली, "अत्ते, तुझी नको सोडूस. मी खाली राहते. तू जा." तिचं मला कळत होतं. पन्नास वर्षांनी भरलेली ओटी तासाभरात रिकामी कशी करायची? आणि ठेवायची कुठे? ओटी जमिनीवर ठेवत नाहीत.

अक्का काट्यावरून उतरल्या. यादीवाल्या मुलीसमोर गेल्या. तिचा चेहरा तुकड्या तुकड्यानं बघून घेतला, कपाळ, नाक, हनुवटी, गळ्यातलं हळदीच्या दोऱ्याचं नवं पिवळं मंगळसूत्र. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "नवी नवरी दिसतेस. धर बाळ." तिनं काहीही न विचारता यादी काखेत मारली आणि जाकिटाची दोन टोकं पसरली. अक्कांनी आपली ओटी तिच्या ओटीत घातली, नारळ, तांदूळ, केळी, पानं, सगळं. वर माझीही घातली. तिथे कोणाला विधवा आणि सवाशीण काही ठाऊक नव्हतं. एका म्हातारीनं एका नव्या नवरीला ओटी दिली, एवढंच. त्या मुलीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा दोन्ही नारळ घरंगळता घरंगळता राहिले.

बसलो. माझी मुलगी पुढे, मी मागे मधोमध, अक्का खिडकीशी. कानांवर मोठाली झाकणं बसवली, त्यामुळे बोलायची सोय नाही. अक्कांनी माझा हात धरला होता. हेलिकॉप्टर उठलं. मी डोळे मिटले, रामरक्षा सुरू केली आणि मधेच विसरले. मग आठवलं की मी कशाला आले आहे, आणि डोळे उघडून समुद्र न बघता अक्कांकडे बघायला लागले.

सुरुवातीला त्यांची मान हलत होती. दाराची कड, काचेची खिट्टी, माझा गुडघा. वरखाली, इकडेतिकडे. माझ्या मनात यांचे शब्द, काय दिसणार तिला. आम्ही अजून वर गेलो. खाली झावळ्यांची टोकं लहान झाली, मग झाडं म्हणूनही ओळखू येईनात. पांढरी लाट एका रेघेसारखी झाली. होड्या वांग्याच्या बियांएवढ्या. पुढे शहर दिसायला लागलं, घरं, रस्ते, दीपस्तंभ, बंदरातली जहाजं.

आणि अक्कांची मान थांबली.

दोन वर्षांत ती मान मी थांबलेली पाहिली नव्हती, जेवताना नाही, पूजेत नाही. आता त्या काचेला कपाळ लावून स्थिर बसल्या होत्या, कोणीही बाई खिडकीतून बघते तशा. हातात हात होता तोही सैल पडला. वळून परत येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मला काही समजेना. बघताहेत की दिसत नाही म्हणून सोडून दिलंय? विचारायची सोय नाही.

खाली उतरलो. कानांवरची झाकणं काढली. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

"अगे, मावलं सगळं. येवढ्या नळीत समुद्र मावला, गांव मावलं. काहीं जोडायला लागलं नाहीं."

मग मला उमगलं. आम्ही सगळे अक्कांना दिसावं म्हणून वस्तू जवळ जवळ नेत होतो. ताट नाकाशी, तोंड तोंडाशी. आणि जवळ नेलेली वस्तू त्यांच्या नळीत मावत नव्हती. लांब गेली की पुरी मावते. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना, मला, यांना कोणालाच सुचली नाही. मुलगी तिथेच मैदानात रडायला लागली. अक्का तिला म्हणाल्या, रडतेस कशाला, जरा मागे सर, तुज बघूं दे. मुलगी मागे सरत सरत पार कुंपणापर्यंत गेली.

परत आल्यावर चौथ्या दिवशी अक्कांनी आम्हाला घाटावर नेलं. मुलगी आम्हाला सोडायला आली होती ती अजून होतीच. अक्का आमच्या बाजूच्या पायरीवर बसल्या आणि आम्हा तिघांना म्हणाल्या, पुलावरून पलीकडे जा, तिकडच्या घाटावर एका ओळीत उभे राहा. हे कुरकुरले. गुडघा दुखतो, ऊन आहे, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, चला हो. पूल ओलांडून गेलो आणि कावेरीच्या पलीकडे उभे राहिलो, हे मधे, एका बाजूला मी, एका बाजूला मुलगी, कोणी फोटो काढायला उभं केल्यासारखे. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या.

पाण्यापलीकडे अक्का लहानशा दिसत होत्या. मान हलत नव्हती. खूप वेळ झाला. हे मला हळू आवाजात म्हणाले, "खरंच दिसतोय का आपण तिला?"

तेवढ्यात पलीकडून अक्कांचा आवाज आला. भजनात लावायच्या तसा लावलेला.

"अरे, वेष्टी नीट खोच. एक टोक लोंबतंय."

यांनी खाली धोतराकडे बघितलं. लोंबत होतं. खोचायला वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.