आप्पांचं जुनं कार्ड

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. म्हणजे बघा – माझ्या कुठल्या बनियनला कुठे भोक आहे हे जिला तोंडपाठ, तिलाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मंडी मोहल्ल्यात राहत नाही, हे एक बरं आहे.

आमचं शिंपीकाम. म्हैसूरला येऊन पिढ्या झाल्या. मशीनवर मी, आणि कापायला अजूनही आप्पा – माझे वडील. त्यांचा फोन बटणांचा, जुना. माझ्या मुलीने हट्टाने त्यांना नवा आणला. जुन्यातलं कार्ड काढून नव्यात घालायचं, एवढंच काम होतं, आणि ते मी अंगावर घेतलं.

कापायच्या टेबलावरच झाकण उघडलं, बॅटरी काढली, कार्ड नखाने सरकवलं – तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. कार्ड तिथेच ठेवून मी माप घ्यायला उठलो. मापं झाली, आणि आमच्या सवयीप्रमाणे टेबलावरचं सगळं एका हाताने खाली लोटलं. चिंध्या पोत्यात गेल्या. पोतं त्याच दुपारी उशा भरणारा घेऊन गेला. आज म्हैसुरात कुणीतरी आमच्या आप्पांच्या सिमवर डोकं ठेवून गाढ झोपत असेल.

‘आप्पा, हरवलं’ – दोनच शब्द. पण त्याच सकाळी बटणांची डबी सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

नंबर माझ्याच नावावर होता. मी गुपचूप फोनच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी म्हणाली, आता कार्ड लागतच नाही, ई-सिम घ्या, ते फोनच्या आतच असतं. तिने काहीतरी स्कॅन केलं आणि नंबर सुरू! मला तर देवच धावून आल्यासारखं वाटलं. घरी येऊन आप्पांना ऐटीत सांगितलं – कार्डांचा जमाना गेला. जुनं कार्ड कंपनीने परत घेतलं. तसा नियमच आहे.

आप्पा एवढे खूश झाले म्हणून सांगू! संध्याकाळी विठ्ठल मंदिरात भजन संपल्यावर त्यांनी सगळ्यांना फोन दाखवला. म्हणाले, रूप नाही, आकार नाही, हातात धरता येत नाही, पण आत आहे आणि हाक मारली की ओ देतो. एका म्हाताऱ्याने तर फोनला हात जोडले. सगळ्यात जास्त मी हसलो.

पण – नावं. आप्पांचे सगळे नंबर त्या कार्डात होते. नातेवाइकांचे, गिऱ्हाइकांचे मी पुन्हा घालून दिले. जवरप्पांचा नंबर मात्र कुणाकडेच नव्हता. जवरप्पा पिरियापट्टणचे, तंबाखूवाले, आप्पांचे तरुणपणापासूनचे दोस्त. दरवर्षी तंबाखू विकला की आमच्याकडे शर्ट शिवायला यायचे. गुडघे गेले आणि येणं थांबलं. तेव्हापासून दर एकादशीला आप्पाच फोन करायचे. जवरप्पांना नुसता उचलता येई, लावता येत नसे. मग कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावर दोघांचं अर्धा तास भांडण.

“ते जुनं कार्ड कंपनीकडनं मागून आण रे,” आप्पा म्हणाले. “सुम्ने, नुसतं एकदा जुन्या फोनात घालून नंबर बघतो. आमेले, मग परत देऊन टाक कंपनीला.”

कंपनी देत नाही, मी म्हटलं. मशीनवरून मान वर न करता.

एकादश्या येत गेल्या. आप्पा फोन मांडीवर घेऊन बसायचे. पिरियापट्टण असं किती लांब? एका बसचं अंतर. जाऊन नंबर आणता आला असता. पण गेलो की फोन का बंद झाला हे जवरप्पा विचारणार आणि कार्डाची गोष्ट निघणार – म्हणून नाही गेलो. एकदा आप्पा म्हणाले, जवरप्पा बहुतेक गेला असावा. आणि कात्री खाली ठेवून नुसते बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. तरी मी मशीन चालवतच राहिलो. याला काय म्हणायचं?

आणि मग एका सकाळी जवरप्पा स्वतःच रिक्षातून उतरले! पायरीवरूनच शिव्या सुरू – फोन का बंद केलास म्हणून. आप्पा हसत होते, डोळेही पुसत होते. मग त्यांनी सारी हकिगत सांगितली – नवं सिम, कंपनीचा नियम, मुलाने कसं सगळं निभावलं.

जवरप्पा म्हणाले, बंगळूरच्या मुलाने त्यांनाही तसलंच सिम करून दिलंय. आणि पानाच्या पिशवीतून त्यांनी आपलं जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हे तर कुणी घेतलं नाही, म्हणाले.

माझे पाय मशीनवर थांबले. आप्पांनी कार्डाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आमच्या धंद्यात ‘उद्या देतो’ हे सगळेच म्हणतात. आप्पा तेवढंसुद्धा खोटं कधी बोलले नाहीत, होईल तोच वार सांगतात. ते जवरप्पांकडे वळले आणि कानडीत शांतपणे म्हणाले – तालुक्यात सोडत असतील, म्हैसुरात परत घेतात. आणि टेप काढून त्यांच्या छातीचं माप घेऊ लागले.

त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. आताही ते समोरच कापत बसलेत, गुणगुणताहेत. कार्ड मी हरवलं. आणि आप्पांना या वयात खोटं बोलायला मी लावलं.