मामींची अर्धी किल्ली

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात पुराव्याशिवाय कुणावर विश्वास ठेवलेला नाही. देवळात गेले तरी पुजारी नेहमीचाच आहे ना, हे चष्मा वर करून पाहतात आणि मगच तीर्थाला हात पुढे करतात. त्यांचा तरी काय दोष? इंटरनेटवरच्या दुकानात आपण पैसे भरतो तेव्हा कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येऊ नये, आणि समोरचे दुकान खरोखर तेच आहे हे कळावे, याची व्यवस्था लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि उरलेला संशय कानडी मुलखातल्या बोगादीच्या घरी घेऊन आले.

स्वस्थ बसणे त्यांच्या कुंडलीतच नाही. कॉफीचा पेला हातात घेऊन घरभर फिरतात. वाटेत दाराची कडी, गॅसचे बटण, वायफायचा दिवा, सगळे तपासून होते. बाजारात नारळवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड आधी नखाने खरवडून बघतात, वरून दुसऱ्या कुणी आपला चिकटवला नाही ना म्हणून. नारळवाला ओरडतो, "एन सर, अदु नंदे! माझाच आहे तो!" मामा म्हणतात, "तुझा म्हणून तूच सांगतोस. मत्ते? मग तुझ्याबद्दल कोण सांगणार?" मग शेजारच्या फुलवालीची साक्ष निघते. आता तिच्याबद्दल कोण सांगणार, हे विचारायच्या आत मी त्यांचा दंड धरून पुढे ओढतो.

मामींचे माहेर रंगाऱ्यांचे. लाकडी ठशांनी कापड छापायचे कसब त्यांनी वडिलांकडून उचलले. माझ्या बायकोने त्यांच्या चादरींचे आणि शालींचे इंटरनेटवर छोटेसे दुकान काढून दिले, आणि मामांच्या अंगात वारे संचारले. एकाच माणसाच्या हाती अख्खी किल्ली नको, हा त्यांचा जुना नियम. त्यांनी दुकानाच्या परवलीच्या शब्दाचे दोन तुकडे केले. एक मामांना ठाऊक, दुसरा फक्त मामींना. रोज सकाळी दोघांनी आपापला तुकडा टाइप केला की मगच आलेल्या मागण्या उघडायच्या. मामींची पाळी आली की मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. तरी त्या दटावत, "अहो, अजून तिकडं फिरा की!"

या किल्लीने एक उपकार मात्र केला. एकदा मामींच्या भावाने हुणसूरहून नव्या नंबरावरून फोन केला. मामांनी विचारले, "आमच्या लग्नात तुमची चप्पल कुणी पळवली, आधी ते सांगा." मेहुणे चिडले, "अहो भावजी, आवाज ओळखेना काय?" "आवाज काय, हल्ली मशीनपण काढतंय," म्हणत मामांनी फोन ठेवून दिला. मामींनी अबोला धरला. पण सकाळी दुकान उघडायला दोघांना एकाच बाकावर बसावे लागले, आणि पहिली मागणी वाचेपर्यंत मामी बोलूही लागल्या.

मग मामी विसरायला लागल्या. आधी मिठाचा डबा, मग शेजारणीचे नाव. डॉक्टरांनी त्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिले. ठसे उलटे पडू लागले तेव्हा छपाई मामींच्या भाच्यांकडे गेली. दुकानात मामींचे म्हणून ती अर्धी किल्ली तेवढी राहिली. आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर, मागण्यांची रांग लागलेली असताना, त्यांची बोटे कीबोर्डावर थांबली. "आत्ता होतं की हो. कुठं गेलं?" म्हणत त्या रडायलाच लागल्या.

"मामा, नवी किल्ली करा, आणि सगळी तुमच्याकडेच ठेवा," माझी बायको म्हणाली. तिचे बरोबरच होते. मामा अंगणात नुसते येरझाऱ्या घालत राहिले. किल्ली सगळी आपल्याकडे घेतली तर मामींना त्यांच्याच दुकानात काही काम उरणार नव्हते.

पुढच्या खेपेला गेलो तर मागण्या रोज उघडत होत्या. मामी बाकावर बसून टाइप करत होत्या. मी सहज पाहिले आणि चरकलो. त्यांनी एकच अक्षर चार-पाचदा दाबले, मध्ये भावाचे नाव घातले, आणि दुकान उघडले! मी मामांना अंगणात गाठले.

"मामा, त्यांनी काहीही टाइप केलं तरी उघडतंय."

"ठाऊक आहे. मीच तसं केलंय."

"मग कुलूप कसलं ते?"

"सुम्ने, गप बस की रे! माझा तुकडा एवढा लांब केलाय, चोर बसू दे डोकं फोडत. तिला मात्र चुकलं म्हणायचं नाही. कुणीच नाही."

आतून मामींची हाक आली, "अहो, बघा जरा, बरोबर आलंय काय?"

मामा आत गेले. संगणकाच्या पडद्याकडे न पाहताच म्हणाले, "अगदी बरोबर." मामी खुलल्या आणि मागण्या मोठ्याने वाचू लागल्या. वाचताना मध्येच अडल्या की मामांकडे बघत, आणि मामा पुढचा शब्द हळूच सांगत. हे असे कुठवर चालेल, ते मला त्यांना विचारवले नाही.