असंल की मागं

चिखलीत कुशाबाईला पाठमोरी असताना कुणी हाक मारत नाही. एखादा नवखा चुकून मारतो, ती गर्रकन वळते, आणि तिचा चेहरा बघून तोच दोन पावलं मागं सरतो. मग बाया त्याला बाजूला घेऊन बजावतात, की बाबा, तिच्याशी बोलायचं तर पुढं जाऊन बोल. का, ते मात्र कुणी धड सांगत नाही. तर ऐका.

कुशाबाई चाकणच्या पलीकडची. परकर नेसायच्या वयात दत्तोबाच्या घरात आली आणि तेव्हापासून त्याच्या मागं चालली. बोलायची पद्धत म्हणून नव्हे हो, खरोखरच मागं चालली. रानात, लग्नाला, बाजाराला, नवरा पुढं आणि बायको मागं, अशीच रीत. त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठच तिला जास्त ओळखीची. मानेवरचा मस, डाव्या खांद्याचा उतार, टाचेच्या भेगा, सगळं पाठ. तो पुढं बघत बोलायचा, ती मागून 'हं' म्हणायची. हाक मारायची झालीच तर 'अगं ए'. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर सगळ्यांनाच ठाऊक, पण दत्तोबानंही तिचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्याला लाज वाटायची. 'कुशे' म्हणणारी तिची आई होती, ती गेली आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं.

दत्तोबा वाईट माणूस नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. दारू नाही, हात उगारणं नाही. मागं बघायची सवय तेवढी नव्हती.

त्या साली दसरा झाल्यावर चाकणच्या मोकळ्या माळावर ज्योतीरामचा सिनेमाचा तंबू लागला. देवाचा खेळ दाखवतो म्हणून त्यानं गावोगाव दवंडी पिटली होती. चिखलीहून बैलगाड्या भरून माणसं गेली. तंबूत मधोमध कनात, इकडं बाप्ये, तिकडं बाया. आता पुण्याहून येताना रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली, का ज्योतीरामनंच स्वस्तातला माल उचलला, देव जाणे. पडद्यावर देव काही आले नाहीत. आले ते एक नवरा-बायको. डोक्यावर बोचकं घेतलेला तो पुढं, ती मागं. चालताहेत. गाणं नाही, भांडण नाही, बोलणं म्हणाल तर नावाला. नुसती वाट, बाभळी आणि धूळ.

बाप्ये खवळले. "अय ज्योतीराम, गाणं लाव की!" "पट्टी अडाकली का रं?" कुशाबाईच्या शेजारच्या सगुणाबाईचा नवरा बन्सी तर उठून त्या नटासारखा चालून दाखवायला लागला, तशी हसून हसून सगळी आडवी झाली. बरेचजण भजी खायला बाहेर गेले. दत्तोबा गुडघ्यात मान घालून पेंगत होता.

कनातीच्या पलीकडं मात्र बाया गप होत गेल्या. पडद्यावरची बाई काटा काढायला थांबते, तो चालतच राहतो, ती धावत गाठते. कुशाबाईनं नकळत स्वतःचा तळवा चोळला. मग वाटेला एक वळण आलं. वळणावरून तो पुढं आला, आणि मागं वाट रिकामी. ती आलीच नाही. तो चालतोय. ऊन कलतं, तो चालतोय. संध्याकाळी तो एका झाडाखाली बसतो, आणि मागं न बघताच हात पसरून म्हणतो, "पाणी दे." हात तसाच राहतो, आणि खेळ संपतो.

बाप्यांनी सुटलो बुवा म्हणून टाळ्या पिटल्या. बाया उठेनात. ज्योतीरामला आत येऊन ओरडावं लागलं तेव्हा कुठं हलल्या.

परतताना गाडीत बन्सी म्हणाला, "काय तर शिनिमा! काय बी घडत न्हाई."

"तुमी बघितलाच न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

"बघायचं काय त्यात?" दत्तोबा जांभई देत म्हणाला. "आमी रोज चालतो, आमचा कोण शिनिमा काढतो?"

कुशाबाईनं धीर केला. "अवो, पर ती बाई कुठं ऱ्हायली?"

"कोन बाई?"

"त्याची बायकू."

"असंल की मागं," दत्तोबा म्हणाला. "जाती कुठं?"

बन्सी खो खो हसला. बायांपैकी कुणी हसलं नाही.

त्यानंतर चिखलीत एक नवंच खूळ शिरलं. त्याला बाया 'उभं ऱ्हाणं' म्हणायच्या. नवऱ्यामागून चालता चालता मुकाट्यानं थांबायचं, आणि तो कुठवर जातो ते बघायचं. पहिली उभी राहिली सगुणाबाई. बन्सी थेट बाजारात पोचला, ओझं उतरवायला दुसरा हात हवा झाला तेव्हा त्याला बायको आठवली. एकीचा नवरा अर्ध्या वाटेवरून फिरला, पण येऊन त्यानं तिला बडवली. बाप्ये चिडले, चावडीवर ज्योतीरामच्या नावानं शिव्या झाल्या, तंबू उचलायला लावू म्हणाले. पाणवठ्यावर मात्र एकच विचारणा. "काय गं, तू उभी ऱ्हायलीस का?"

कुशाबाई मान खाली घालून हंडा घासायची. तिला भीती वाटत होती. दत्तोबा फिरलाच नाही तर? एवढा जन्म पाठीकडं बघत काढला, आणि त्या पाठीला आपली काही खबरच नाही असं निघालं तर उद्यापासून चालायचं कसं? न विचारलेलंच बरं. पण 'असंल की मागं' हे शब्द भाकरी थापताना, दळताना, झोपताना कानात वाजायचे. सगुणाबाई पुन्हा पुन्हा टोचायची. "आन् उभी ऱ्हाशील तर नीट लपून ऱ्हा. दिसलीस तर त्येला वाटंल, हाय की."

बाजाराच्या दिवशी दोघं मिरच्या घेऊन निघाली. चिखलीवर आभाळ स्वच्छ होतं, पण वर मावळात परतीचा पाऊस झाला असावा. इंद्रायणीच्या उतारावर आली तर पाणी तांबडं, आणि रोजच्यापेक्षा चढलेलं. दत्तोबानं धोतर खोचलं, पोतं खांद्यावर सारखं केलं.

"वढ हाय," तो पाण्याकडं बघतच म्हणाला. "माझ्या पावलावर पाऊल टाकून ये."

एवढं म्हणतानाही वळला नाही! कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, बुडेन ना मी, तेवढ्यापुरतं तरी बघशील? ती काठावरच्या बाभळीआड गेली आणि पाटी उतरवून बसली. तो आत शिरला. मिरचीच्या भावाचं काहीतरी बोलत होता. पाण्याच्या आवाजात त्याला 'हं' ऐकू येत नसणार, आणि येत नाही हेही कळत नसणार.

तिला त्याची जाणारी पाठ बघवेना. बघितली आणि तो पलीकडं चढून तसाच चालता झाला, तर तेच चित्र डोळ्यांत राहील. म्हणून ती नदीकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून बसली. मनाशी म्हणाली, ज्याला यायचं तो येईल.

थोड्या वेळानं नदीवरून हाक आली. "कुशे! ए कुशे!" चिरकलेला, रडवेला आवाज. कोण कुणाला बोलावतंय देव जाणे, पलीकडच्या गावातही कुशा असतीलच. ती बसून राहिली. आणखी दोनचार हाका आल्या आणि थांबल्या.

पलीकडच्या काठावर मालोजी धनगर मेंढरं घेऊन उभा होता, त्यानं सगळं बघितलं. दत्तोबा जवळजवळ पार झाला होता. पाणी गुडघ्याखाली आलं, तिथं त्यानं मागं हात केला, बायकोला वर घ्यायला. हाताला काही लागेना, तसा वळला. नदी रिकामी. त्यानं मिरच्यांचं पोतं तिथंच टाकलं आणि मधल्या ओढीत परत घुसला, हाका मारत, दोन्ही हातांनी पाणी चाचपत. मालोजी ओरडला, "आरं माघारी फिर!" त्यानं ऐकलं नाही. पाण्याच्या तळाशी चाचपायला म्हणून वाकला, तो पुन्हा वर आलाच नाही.

प्रेत खाली आळंदीच्या अंगाला सापडलं. मालोजी दारात येऊन बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाया रडत होत्या. कुशाबाई रडत नव्हती.

"वयनी," मालोजीनं शेवटी न राहवून विचारलं, "तुमी कुठं व्हता? यवढ्या हाका मारल्या त्यानं. तुमास्नी ऐकू न्हाई आल्या?"

"आल्या की," कुशाबाई म्हणाली. "मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी मारतोय."