लिव्हरमधला साठा

लातूरला नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्राचे सर आम्हाला शिकवत नसत, वदवून घेत. "झाडं साखर कशात साठवतात?" "स्टार्च!" "प्राणी?" "ग्लायकोजेन!" "कुठं?" "लिव्हर आणि स्नायू!" शंभरेक पोरं एका सुरात ओरडायची आणि सर असे मान डोलवायचे, जणू ग्लायकोजेन त्यांनीच शोधलंय.

माझ्या शेजारी देवणी गावची मुलगी बसायची, हॉस्टेलवरची माझी रूममेट. तिला लहानपणापासून शुगर होती. रोज इन्सुलिन टोचून घ्यायची. एका सकाळी तिने इंजेक्शन घेतलं आणि मेसचा नाश्ता आलाच नाही. क्लासमध्ये टेस्ट होती, म्हणून तशीच निघाली. अर्ध्या तासात तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. तिने बिस्किटाचा पुडा काढला.

"ए, क्लास हाय का हॉटेल?" सर ओरडले.

"सर, शुगर कमी झालीय."

"लिव्हरमध्ये ग्लायकोजेन असतंय की! दोन तास काही होत न्हाई. परवाच शिकवलंय."

पोरं हसली. मीही हसले. त्याची किळस मला अजून येते.

"सर, इन्सुलिन घेतलंय. ते अंगात असलं की लिव्हर साठा सोडत न्हाई."

सरांच्या नोट्समध्ये हे नव्हतं, म्हणजे जगातच नव्हतं. "तो धडा पुढं हाय. पुडा आत ठेव."

दहा मिनिटांत तिचं डोकं पेपरवर टेकलं. तिच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी असायची, मला ठाऊक होतं. अजून तिला गिळता येत होतं. मी पावडर पाण्यात कालवून घोटघोट पाजली. तेवढ्या वेळात सर काय करत होते? "आधी पेपर गोळा करा, कॉपी होईल" म्हणून सांगत होते.

ती सावरली. दुसऱ्या दिवशी सरांनी माइकवरून सांगितलं, "काल एकीची शुगर उतरली. मी लगेच ओळखलं." टाळ्या पडल्या.

ती उठून उभी राहिली. "सर, तुम्ही मला पुडा आत ठेवायला लावला."

सरांनी माइक दोनदा ठोकून बघितला आणि पुढचा धडा काढला.

आता ती नांदेडला एमबीबीएस करते. निकाल लागला तेव्हा सरांचा फोन आला होता, "बेटा, एक चांगला फोटो पाठव. औसा रोडवर मोठा बोर्ड लावायलोय."

"न्हाई सर," ती म्हणाली आणि फोन ठेवून जेवायला बसली.