चाचांची उघड्या टपाची मोटार

लातुरात मोटारी विकणारे मी पुष्कळ पाहिले, पण गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेऊन त्याला नापास करणारे एकटे आमच्या शेजारचे गॅरेजवाले चाचा. तेही गल्लोगल्ली क्लास निघालेल्या शहरात, जिथे नापास हा शब्द उच्चारायची चोरी!

ती ऐटबाज मोटार मूळची देगलूरकडच्या एका जहागीरदाराची. चाचांना सापडली तेव्हा कडब्याखाली होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिचा टप मागे दुमडायचा, एवढ्याचसाठी चाचांनी ती खपून नवी केली. भूकंपात भिंतीखालून निघाल्यापासून चाची छप्पर असलेल्या वाहनात पाऊल ठेवत नव्हत्या, रिक्षातसुद्धा नाही. त्यात जरा हादरा बसला की जमीन हलली म्हणून किंचाळायच्या. म्हणून चाचांनी मोटारीचे हादरे झेलणारे पाटे स्वतः भट्टीत तापवून, ठोकून नव्याने बसवले. दर शुक्रवारी औशाच्या रस्त्यावर चक्कर व्हायची. चाची मागे पान लावत बसायच्या आणि चाचा आरशात बघून विचारायचे, "गचका बसला का?"

"बसला की थोडा," चाची म्हणायच्या. की चाचा आठवडाभर पुन्हा पाट्यांखाली. असं वर्षानुवर्षं चाललं.

चाची गेल्यावर त्यांनी मोटार विकायला काढली, पण हळू हाताच्या माणसालाच द्यायची म्हणून हटून बसले. मागच्या सीटवर चहाने काठोकाठ भरलेली बशी ठेवायची, गिऱ्हाइकाने औशाच्या रस्त्यावर चालवायचं, चाचा शेजारी बसणार. एका बिल्डरने पहिल्याच खड्ड्यात बशी पालथी केली. "तुमी ट्रॅक्टर घ्या, सायेब," चाचा म्हणाले.

शेवटी एक क्लासवाले सर आले. पहिल्या आलेल्या पोरांची मिरवणूक काढायला त्यांना मोटार हवी होती. सोबत त्यांची म्हातारी आई होती, आणि परीक्षा म्हटल्यावर मी शाळामास्तरही बघायला मागे चढलो होतो. ती पुढे बसली, म्हणून चाचांना बशी हातात धरून माझ्याशेजारी मागे बसावं लागलं. इतक्या वर्षांत ते मागे बसले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. सरांनी आईला जपत, अगदी सावकाश मोटार नेली. खड्डे आले, गेले. बशीतला चहा नुसता डुलला.

परत गॅरेजशी थांबल्यावर सरांनी विचारलं, "चाचा, पास का आम्ही?"

चाचांनी होकारार्थी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हितं गचका बसतच न्हाई की वो. लबाड बोलत व्हती ती. चक्कर बंद पडंल म्हनून."

मोटार जागच्या जागी उभी होती, आणि चाचांच्या हातातल्या बशीतला चहा मात्र सांडत होता.